शुद्ध विजेची पेटी : एका पत्रकाचे परीक्षण

माजरीच्या आमच्या एका शिक्षकमित्रांनी गेल्या उन्हाळ्यात एक गुळगुळीत, रंगीत पत्रक आमच्या हाती दिले आणि एवढेच विचारले, "घेऊ का ही पेटी?" पत्रक 'पॉवर कंडिशनर' नावाच्या उपकरणाचे होते. घरातल्या सॉकेटमधून येणारी वीज मळलेली असते, ही पेटी ती स्वच्छ करून अ‍ॅम्प्लिफायरला देते, आणि मग गायकाचा गळा मोकळा होतो, डग्गा भरदार घुमतो, दोन सुरांमधली शांतता देखील ऐकू येते, असा एकूण मजकुराचा आशय होता. किंमत गुरुजींच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतकी. पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या पत्रकाचे करावे असे आम्हांला त्याच वेळी वाटले. विज्ञानाच्या भाषेतला जो मजकूर शाळा सुटल्यावर माणसाच्या हाती पडतो, तो बहुधा अशा पत्रकांतलाच असतो.

गुरुजींना पेटी हवी होती ती हौसेखातर नव्हे. त्यांचे वडील मूळचे सिंदेवाहीकडचे. झाडीपट्टीच्या नाटकांत हार्मोनियम वाजवीत आणि गातही. शंकरपटाच्या दिवसांत रात्रभर चाललेल्या अशा नाटकांच्या सात-आठ कॅसेटी घरात जपून ठेवलेल्या आहेत. वडील गेले, आवाज तेवढा उरला. आणि त्या आवाजाखाली सतत एक घरघर. ती घरघर जावी, एवढीच त्यांची इच्छा.

माजरीत राहणाऱ्या माणसाने विजेवर संशय घ्यावा हे अगदी स्वाभाविक आहे. भोवताली कोळशाच्या खाणी. वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरचे हे जंक्शन, इथूनच वणीकडे फाटा फुटतो. रुळांवर २५ हजार व्होल्टची तार आणि तिच्याखालून रात्रंदिवस कोळशाच्या मालगाड्या. मोठी मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या पाच-सहापट विद्युतधारा ओढते, त्या क्षणी तारेतला दाब उतरतो आणि घरातला दिवा मंदावतो. शेतातल्या पंपांचेही तेच. जुन्या विद्युत इंजिनांत प्रत्यावर्ती धारेची एकदिश धारा करून मोटरींना देत. अशी इंजिने तारेतून सुबक, गोलाईदार लाटेऐवजी वेडीवाकडी धारा ओढतात आणि ५० हर्ट्‌झच्या लाटेवर १५०, २५० अशा विषम पटींच्या लाटा चढतात. तेव्हा वीज मळते हे पत्रकातले विधान काही खोटे नाही. खरा प्रश्न त्यापुढचा आहे, आणि पत्रक नेमके तिथे गप्प बसते. हा मळ स्पीकरपर्यंत पोहोचतो का?

याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही गुरुजींच्या घरी गेलो. आधी एक साधी गोष्ट केली. माळ्यावरून पेन्सिल सेलवर चालणारा एक छोटा कॅसेट प्लेअर काढला, त्यात कॅसेट घातली आणि कानाला इयरफोन लावले. आता वीजमंडळाचा, खाणीचा, रेल्वेचा कशाचाच संबंध उरला नव्हता. घरघर ऐकू येतच होती! म्हणजे ती त्या रात्री, त्या मांडवात, मायक्रोफोनच्या तारेतून टेपवरच उमटलेली होती. पुढे कितीही शुद्ध वीज दिली तरी ती पुसली जाणार नाही. दोन पेन्सिल सेल आणि पाच मिनिटे यांत पत्रकाचा अर्धा निकाल लागला.

अर्धाच म्हणतो, कारण कॅसेट काढून अ‍ॅम्प्लिफायर नुसता चालू ठेवला तरी स्पीकरमधून आणखी एक, जरा कर्कश, गुणगुण येत होती. तिचा मूळ धागा आम्हांला तासाभराने सापडला. तो सांगण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायर विजेचे काय करतो हे पाहिले पाहिजे.

सॉकेटमधली वीज स्पीकरपर्यंत जशीच्या तशी कधीच जात नाही. गुरुजींकडे आहे तशा जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, चार डायोडांचा पूल तिचे दोन्ही अर्ध एकाच दिशेला वळवतो आणि सेकंदाला १०० उंचवट्यांची ही एकदिश वीज मोठ्या कंडेन्सरात साठते. कंडेन्सर म्हणजे गच्चीवरची टाकी समजा. नळाला पाणी धो-धो येवो की थेंबथेंब, खाली तोटीला धार बऱ्यापैकी सारखीच मिळते. नाजूक संदेश हाताळणाऱ्या पहिल्या टप्प्यांना तर त्यापुढे रेग्युलेटर लावून आणखी स्थिर दाब देतात. म्हणजे ज्याला पत्रक कंडिशनर म्हणते, त्याचा मोठा भाग प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात आधीच बसवलेला असतो, आणि तो चांगला बनवणे हे अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्याचेच काम आहे. या टाकीचा कंडेन्सर म्हातारा झाला की १०० हर्ट्‌झची घुमघुम ऐकू येते. त्यावर उपाय म्हणजे कंडेन्सर बदलणे. त्याला पेटीच्या किमतीचा शंभरावा हिस्साही लागत नाही.

आता दाब उतरण्याबद्दल. गुरुजींच्या घरी संध्याकाळी मल्टिमीटर लावला तर काटा २०० च्या खाली होता. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनुसार घरगुती पुरवठ्यात जाहीर दाबापेक्षा ६ टक्क्यांहून अधिक फरक पडता कामा नये, असे बंधन होते. २३० व्होल्टला म्हणजे २१६ ते २४४. तेव्हा तक्रारीला जागा आहे, आणि ती लेखी करावी. पण गाण्याचे काय बिघडते? दाब अगदी १८० व्होल्टपर्यंत घसरला असे धरू. १८० भागिले २३० म्हणजे ०.७८, त्याचा वर्ग ०.६१. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आता फार तर ३० वॅट देईल. ऐकायला भयंकर वाटते, परंतु डेसिबलच्या मापात ही घट दोनाहून किंचित अधिक, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढी. शिवाय ही घट कमाल मर्यादेतली आहे. घरच्या खोलीत आपण गाणे ऐकतो तेव्हा स्पीकरला सरासरी एखादा वॅटसुद्धा पुष्कळ होतो, आणि त्या पातळीला अ‍ॅम्प्लिफायर मूळ संदेश किती पटीने मोठा करतो हे त्याच्या फीडबॅकच्या रोधांवर ठरते, सॉकेटमधल्या दाबावर नाही. गळा मोकळा होणे, डग्गा घुमणे या गोष्टी या हिशेबात कुठेच बसत नाहीत. हे गणित अकरावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, मग वीज सुधारणारी यंत्रे सगळीच थोतांड आहेत काय? मुळीच नाही. एक तर गुरुजींच्या तालुक्यातच आहे. भद्रावतीजवळ पॉवरग्रिडचे एक केंद्र १९९७-९८ मध्ये सुरू झाले. तिथे एका बाजूने पश्चिम भारताच्या जाळ्यातली प्रत्यावर्ती वीज येते, तिची एकदिश वीज होते, आणि त्याच आवारात तिची पुन्हा प्रत्यावर्ती वीज करून दक्षिणेच्या जाळ्याला देतात. उलट दिशेनेही पाठवता येते. ५०० मेगावॅटचे दोन भाग, एकूण १००० मेगावॅट. हा खटाटोप कशासाठी? तर त्या काळी दोन्ही जाळ्यांची वारंवारता एक नव्हती. विजेचा तुटवडा पडला की जनित्रे मंदावतात. दक्षिणेत वारंवारता ४८.५ च्याही खाली जाई. दोन वेगळ्या तालांत चालणारी जाळी तारेने थेट जोडता येत नाहीत. मध्ये एकदिश विजेचा टप्पा घातला की तालाचे बंधन सुटते. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर मार्गे दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकतालात जोडले गेले. ताशी लाखो युनिटे इकडून तिकडे करणारी ही 'पेटी' नेमक्या एका दोषावर नेमका एक उपाय म्हणून उभारली होती, आणि तो दोष हर्ट्‌झमध्ये मोजलेला होता.

वारंवारतेचा विषय निघालाच आहे तर गाण्याशी त्याचा जो खरा संबंध होता तोही सांगून टाकू. काही जुन्या तबकडी-वादकांत सिंक्रोनस मोटर असे. तिचा वेग जाळ्याच्या वारंवारतेला बांधलेला. ५० ची वारंवारता ४८.५ झाली की तबकडी ३ टक्के सावकाश फिरे आणि गाणे जवळजवळ पाव सुराने उतरे. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांत सुमारे ६ टक्क्यांचे अंतर असते, त्याच्या निम्मे. संगतीला पेटी घेऊन बसलेल्या माणसाला हे ताबडतोब कळे. अशा घरी वारंवारता सावरणारे यंत्र असते तर ते उपयोगी पडले असते. पण त्याच सुमारास घरोघर आणि शाळांच्या संगणक-कक्षांत जो सीव्हीटी, म्हणजे स्थिरदाब ट्रान्सफॉर्मर, लोकप्रिय होता, तो दाब सांभाळायचा, वारंवारता नाही. उलट वारंवारता १ टक्का उतरली की त्याचा दाब सुमारे दीड टक्क्याने उतरायचा. जोसेफ सोला यांनी १९३८ च्या सुमारास काढलेली ही युक्ती फार चतुर आहे. तरी तो स्वतःच घुमत राहतो आणि सतत तापतो, हे चंद्रपूरच्या मे महिन्यात त्याच्या शेजारी बसलेल्यांना सांगायला नको. कॅसेटच्या यंत्रात एकदिश धारेवरची मोटर असल्याने गुरुजींना यातले काहीच लागू नव्हते.

आम्ही पत्रक पुन्हा वाचले ते आकड्यांसाठी. त्यात किंमत आणि दूरध्वनी सोडून, ज्याच्यापुढे एकक आहे असा एकही आकडा नव्हता. 'कंडिशनर' हा शब्द वाटेल त्याला लावता येतो. आत फक्त एक वॅरिस्टर असेल, नुसता कॉइल-कंडेन्सरचा फिल्टर असेल, रिलेचा स्टॅबिलायझर असेल, किंवा भद्रावतीसारखे आधी एकदिश आणि मग पुन्हा प्रत्यावर्ती करणारे इन्व्हर्टरही असेल. चारही गोष्टींची कामे वेगळी आहेत. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंतचा दाब किती टक्क्यांत आणून देता, कोणत्या वारंवारतेचा गोंगाट किती डेसिबलने कमी करता, किती ज्यूलचा आघात सोसता, असे विचारल्यावर विक्रेत्याने पुन्हा डग्ग्याकडे वळू नये.

वॅरिस्टरबद्दल जरा थांबले पाहिजे, कारण इथे पैसा आणि आग दोन्हींचा प्रश्न आहे. वादळात तारेवरून दाबाचा क्षणिक लोंढा आला तर वॅरिस्टर स्वतःतून तो वाहून नेतो आणि दाबाला सुमारे ७०० व्होल्टवर आवर घालतो. हे काम मायक्रोसेकंदांचे. आपल्याकडे मात्र उपकरणे जळतात ती बहुधा दुसऱ्याच कारणाने. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रलची तार तुटते, आणि कमी भार असलेल्या घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळ दाब मिनिटेच्या मिनिटे येत राहतो. वॅरिस्टर तेवढा वेळ टिकत नाही. तो तापतो, फुटतो, प्लास्टिकची पेटी असेल तर पेटही घेतो. इथे हवा असतो तो दाब ठराविक मर्यादेबाहेर गेल्यावर पुरवठाच तोडणारा साधा रिले. फ्रिजच्या चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये तो असतो. पत्रकात त्याचा उल्लेख नव्हता.

गोंगाटाची परीक्षा शाळेत सहज घेता येते. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर मध्यमलहरीवर दोन केंद्रांच्या मधे लावा आणि घरभर फिरा. स्वस्त एलईडी दिव्यापाशी, मोबाईलच्या चार्जरपाशी, पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरपाशी खरखर वाढते. आम्ही हे गुरुजींच्या घरी केले तेव्हा रुळांकडच्या खिडकीपेक्षा देवघरातल्या माळेपाशी अधिक खरखर झाली! ज्या मळाचा आळ आपण खाणीवर आणि रेल्वेवर घेतो, तो पुष्कळदा आपल्याच घरात, पेटीच्या पलीकडच्या बाजूला तयार होत असतो.

आता ती कर्कश गुणगुण. अ‍ॅम्प्लिफायरला टीव्हीकडून एक तार आली होती आणि टीव्हीला गल्लीतल्या केबलवाल्याची. केबलची तार उपटली, गुणगुण बंद. पुन्हा लावली, पुन्हा सुरू. अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या अंगाला टेस्टर लावला तर दिवा लागला. सॉकेटचे तिसरे, मोठे भोक उघडून पाहिले तर त्याच्यामागे तारच नव्हती. घर बांधताना अर्थिंग केलेले होते ते भिंतीबाहेरच्या खड्ड्यापर्यंत. आत कोणी जोडलेच नव्हते.

आजकालच्या बहुतेक उपकरणांत गोंगाट अडवण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या अंगाकडे छोटे कंडेन्सर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी धारा जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर हे दोन कंडेन्सर दाबाची निम्मी-निम्मी वाटणी करतात आणि उपकरणाचे अंग ११५ व्होल्टवर तरंगते. कंडेन्सर ४७०० पिकोफॅरॅडचे धरले तर झिरपणारी धारा सुमारे ०.३४ मिलिअँपिअर येते. अशी तीन उपकरणे जोडलेली असली की एक मिलिअँपिअर. माणसाला अर्ध्या ते एक मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. हीच धारा वाट शोधत ध्वनीच्या तारेच्या जाळीतून केबलवाल्याच्या तारेकडे जात होती. जाताना जाळीच्या रोधावर तिचा जो सूक्ष्म दाब पडे, तो संदेशात मिसळे आणि अ‍ॅम्प्लिफायर तो इमानेइतबारे मोठा करी.

आणि पत्रकातली पेटी? फिल्टर असलेल्या पेटीत याच जातीचे कंडेन्सर असतात, आणि अधिक मोठे. अर्थिंग नसलेल्या त्या घरात ती लावली असती तर झिरपणारी धारा वाढली असती; गुणगुणही वाढली असती आणि झिणझिण्याही. पत्रकात अर्थिंग हा शब्दच नव्हता, हा त्यातला आमच्या मते सर्वांत गंभीर दोष. काही हौशी मंडळी तर गुणगुण घालवण्यासाठी प्लगची मोठी पिन कापून टाकतात. ती पिन इतर दोहोंपेक्षा लांब ठेवलेली असते ती जोडताना सर्वांत आधी लागावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. ती कापल्यावर गुणगुण कदाचित जाईल, पण आतली फेजची तार कधी अंगाला टेकली तर अडवणारे काही उरत नाही. टेस्टरचा दिवा अतिशय थोड्या धारेलाही लागतो, म्हणून तो नुसता झिरपा दाखवतो आहे की खरा बिघाड, हे टेस्टरवरून कळत नाही. वायरमनने तपासेपर्यंत बिघाडच समजावे.

कोणी सांगतील, आमच्याकडे पेटी लावली आणि फरक ऐकू आला. त्यांच्या प्रामाणिकपणावर आमचा संशय नाही. १७८४ मध्ये पॅरिसला मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ची चौकशी झाली तेव्हा फ्रँकलिन आणि लव्हाझिए यांच्या समितीने लोकांचे डोळे बांधले. भारलेल्या झाडाजवळ गेल्यावर ज्याला भोवळ यायची तो मुलगा न भारलेल्याच झाडाखाली बेशुद्ध पडला. तो ढोंग करीत नव्हता. ध्वनियंत्रांच्या बाबतीत डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये अशाच आंधळ्या चाचणीची पद्धत मांडली : ऐकणाऱ्याला आणि बदलणाऱ्याला, दोघांनाही काय जोडले आहे हे ठाऊक नसावे. पेटी आहे की नाही हे नाणे उडवून ठरवावे, दहा वेळा ऐकवावे. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११. संभाव्यतेच्या धड्याला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही. विक्रेता अशा चाचणीला तयार झाला तर पेटी घ्यायचा विचार करावा.

गुरुजींनी पावसाळ्यापूर्वी परवानाधारक वायरमन बोलावून अर्थिंगचा खड्डा पुन्हा भरून घेतला, घरातल्या सगळ्या सॉकेटांना तार जोडली आणि झिरपा वाढल्यास पुरवठा तोडणारा स्विच बसवला. खर्च पेटीच्या किमतीच्या पावपटही झाला नाही. अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण गेली, झिणझिण्या गेल्या. कॅसेटींवरची घरघर राहिली. बारावीतल्या एका विद्यार्थ्याने कॅसेटी संगणकावर उतरवून ५०, १०० आणि १५० हर्ट्‌झच्या आसपासच्या अरुंद पट्ट्या कापून पाहिल्या. (त्या घरघरीवरून त्या रात्रीची वारंवारता काढावी असा मोह आम्हांला झाला होता, पण कॅसेटची गतीच एक-दोन टक्के इकडेतिकडे असते, तेव्हा तो सोडला.) कापल्यावर घरघर पुष्कळ कमी झाली. मात्र वडिलांच्या आवाजातला खर्ज आणि हार्मोनियमचे खालचे सूर याच भागात वसलेले, त्यांचाही थोडा भाग गेला.

कोणती प्रत कोणती हे न सांगता आम्ही दोन्ही प्रती गुरुजींना काही वेळा आलटून-पालटून ऐकवल्या. प्रत्येक वेळी त्यांनी घरघरीसकटचीच निवडली. अर्थिंगच्या खड्ड्यात मात्र आता उन्हाळाभर दर आठवड्याला दोन बादल्या पाणी पडते. माती कोरडी होऊन भेगाळली की तिचा रोध किती वाढतो, हे त्यांनी वायरमनच्या मीटरवर स्वतः पाहिले आहे.